पाव ग्रॅम सोन्याचे सतरा हजार?

२०२५ च्या एप्रिलमध्ये सोनं दहा ग्रॅमला लाखाच्या वर गेलं आणि नौपाड्यातल्या आमच्या इमारतीत जो तो सोन्याचा जाणकार झाला. नेमक्या त्याच दिवसांत मी सासूबाईंचा जुना सागवानी देव्हारा सोनेरी कामाला द्यायचं ठरवलं. कळव्याला राहणारे, मूळचे सावंतवाडीचे एक चितारी, म्हणजे लाकडावर नक्षी रंगवणारे कारागीर, घरी येऊन देव्हारा बघून गेले आणि जाताना कागदावर आकडा लिहून गेले : १७,००० रुपये, खऱ्या सोन्याच्या वर्खासह.

दुसऱ्या मजल्यावरचे काका बँकेतून निवृत्त झालेत. चहाला आले होते, त्यांनी तो कागद उचलला.

"सोनं किती लागणार म्हणे?"

"पाव ग्रॅमच्या आत," मी म्हटलं.

काकांनी चष्मा कपाळावर सरकवला. "अगं, पाव ग्रॅमचे होतात अडीच हजार. सतरा कसले देतेस? वेडी का काय तू?"

काकांचा गुणाकार बरोबर होता, आणि चितारीही मला फसवत नव्हते. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, हे काकांना पटवता पटवता माझ्याच डोक्यात बऱ्याच गोष्टी स्वच्छ झाल्या. त्या इथे मांडते, कारण घरोघरी असा एखादा देव्हारा, फ्रेम नाहीतर पाट असतो, आणि काकाही असतातच.

वर्ख म्हणजे नेमकं किती सोनं?

काजूकतलीवर असतो तो चांदीचा वर्ख सगळ्यांनी पाहिलाय. सोन्याचा वर्ख तसाच : ठोकून ठोकून इतका पातळ केलेला पत्रा की त्याला पत्रा म्हणायलाही जीभ रेटत नाही. सोन्याचं असं पातळ पान लाकडावर, दगडावर, कागदावर चिकटवायचं, हे झालं वर्खकाम.

सोनं एवढं पातळ होतं तरी कसं? ज्वारीचं पीठ आठवा आणि पुरणपोळीची कणीक आठवा. ज्वारीच्या भाकरीला थापताना कडेनं चिरा जातात. मुरलेली, तेलातली कणीक मात्र तुम्ही लाटाल तेवढी पसरते, फाटत नाही. धातूंमध्ये सोनं ही सगळ्यांत मुरलेली कणीक. त्याचे अणू एकमेकांवरून सहज घसरतात, त्यामुळे हातोड्याखाली ते तुटत नाही, पसरतं.

आकड्यांत सांगायचं तर वर्खाच्या एका पानाची जाडी साधारण ०.१२ मायक्रॉन असते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. अशी सुमारे सहाशे पानं एकावर एक ठेवली तर माणसाच्या एका केसाएवढी जाडी होईल. पान उजेडासमोर धरलं तर पलीकडचा उजेड त्यातून हिरवट-निळा दिसतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी वेड्यासारखी पाच मिनिटं खिडकीत उभी होते.

नेहमीचं पान असतं ८ सेंटीमीटर बाय ८ सेंटीमीटर, वजन जवळपास १५ मिलिग्रॅम. म्हणजे एका ग्रॅममध्ये पासष्ट-सहासष्ट पानं. सगळी शेजारी शेजारी मांडली तर टेबलावर उघडून पसरलेलं वर्तमानपत्र झाकलं जाईल. चिमूटभर साखरेपेक्षा लहान तुकडा, आणि अख्खं वर्तमानपत्र!

माझ्या देव्हाऱ्याची कमान, दोन खांबांवरची वेलबुट्टी आणि कळस एवढंच सोनेरी करायचं होतं. वाया जाणारं धरून पंधरा पानं. पंधरा गुणिले पंधरा, सव्वादोनशे मिलिग्रॅम. तेव्हाचा भाव ग्रॅमला १०,००० धरला तर सव्वादोन हजारांचं सोनं. काका म्हणत होते ते हेच.

सोनेरी दिसतं ते सगळं सोनं नव्हे

इथे एक घोळ निस्तरायला हवा. "सोनेरी काम" या एका नावाखाली बाजारात चार-पाच अगदी वेगळ्या गोष्टी विकल्या जातात, आणि भांडणं बहुतेक त्यातूनच होतात.

मुलामा हा वर्खाचा चुलतभाऊ. तो धातूवरच बसतो. पूर्वी सोनं पाऱ्यात कालवून त्याचा लेप तांब्यावर देत आणि भाजत. पारा उडून जाई, सोनं उरे, आणि ती विषारी वाफ कारागिराच्या छातीत जाई. आता विजेवर चालणाऱ्या टाकीत मुलामा देतात. अमृतसरच्या सुवर्णमंदिराला महाराजा रणजितसिंहांच्या काळात चढवले ते सोन्याचा मुलामा दिलेले तांब्याचे पत्रेच. लाकडातून वीज जात नाही, म्हणून लाकडी देव्हाऱ्याला सरळ मुलामा देता येत नाही. कुणी देतो म्हणालं तर जरा थांबा.

नकली वर्ख म्हणजे पितळेचं पान, तांबं आणि जस्त. हे आकारानं मोठं असतं, १४ सेंटीमीटरच्या आसपास, जाडही असतं आणि फार स्वस्त. ते वाईट आहे असं अजिबात नाही. मंडपाच्या खांबांना, नाटकाच्या नेपथ्याला, भिंतीवरच्या मोठ्या नक्षीला तेच योग्य. फक्त ते पितळ आहे हे विकणाऱ्यानं सांगावं आणि घेणाऱ्याला माहीत असावं.

सोनेरी रंग आणि स्प्रेमध्ये पितळेची पूड नाहीतर चकाकणारा अभ्रक असतो. आणि घोडबंदर रोडवरच्या नव्या टॉवरांच्या लिफ्टमध्ये जे सोनेरी स्टील झळकतं ते बहुतेक टायटॅनियमच्या एका संयुगाचं पातळ कवच असतं. त्यात गुंजभरही सोनं नसतं. काकांच्या मुलाच्या टॉवरमध्येही तशीच लिफ्ट आहे, पण तो विषय मी काढला नाही.

मग बाकीचे पैसे जातात कुठे?

नऊ दिवसांत.

चितारी काम आमच्याच घरी, मागच्या बाल्कनीला लागून असलेल्या खोलीत करणार होते. देव्हारा हलवायला सासूबाई तयार नव्हत्या. त्यामुळे मला सगळं जवळून बघायला मिळालं, आणि काकांनाही.

पहिले दोन दिवस सोन्याचं नाव नाही. कोरीवकामाच्या खाचाखोचांत अडकलेला जुना रंग, तेलकट काजळी आणि कुंकू लहान सुरीनं आणि दात घासायच्या ब्रशानं काढणं चाललं होतं. तिसऱ्या दिवशी लाकडाची भोकं बंद करणारा एक हात. मग तीन दिवस अस्तर. खडूची पूड सरसात कालवून तिचा पातळ हात द्यायचा, वाळू द्यायचा, बारीक पॉलिश पेपरनं घासायचा, पुन्हा हात. फ्लॅट रंगवताना भिंतीला लांबी भरतात तसंच, पण इथे भिंत म्हणजे लाकडात कोरलेलं करंगळीएवढं पान आणि त्याच्या शिरा. अस्तर जाड झालं तर नक्षी बुजते, पातळ राहिलं तर लाकडाचे रेषे वर दिसतात.

"एवढं घासताय कशाला? वर सोनंच तर येणार आहे," काकांनी विचारलं.

चितारी म्हणाले, "काका, तिळाच्या लाडवाला वर्ख लावला तर तीळ दिसायचे राहतील का?"

या एका वाक्यात सगळं वर्खकाम आलं. सोन्याचं पान इतकं पातळ की ते खालचं काहीच झाकत नाही. खाली काजूकतली असेल तर वर काजूकतली दिसते, खाली तिळाचा लाडू असेल तर लाडूच. चमक वर्खाची वाटते, पण ती तीन दिवसांच्या घासण्याची असते.

मग पिवळ्या रंगाचा एक हात, म्हणजे वर्खाला कुठे सुईएवढी फट राहिली तरी डोळ्यांना खुपत नाही. आणि आठव्या दिवशी चिकट थर. याला धंद्यात "साइज" म्हणतात. चितारी म्हणाले, "ताई, साइज लावलाय, कुणी हात लावू देऊ नका," आणि सासूबाईंना वाटलं देव्हाऱ्याचं माप घेतलंय.

साइज म्हणजे एक प्रकारचं तेलकट वॉर्निश. तीन तासांत तयार होणारा मिळतो, बारा तासांत होणाराही. तो ओला असताना वर्ख ठेवला तर सोनं त्यात बुडून काळपट दिसतं, पूर्ण वाळला तर चिकटतच नाही. मधला तेवढाच वेळ आपला. तो ओळखायला घड्याळ उपयोगाचं नाही, कारण हवा दमट असली की वेळापत्रक कोलमडतं. चितारी बोट दुमडून पेराची मागची बाजू हलकेच टेकवत आणि उचलत. बोटाला काही लागता कामा नये, पण उचलताना बारीक "टक्" असा आवाज यायला हवा.

तो "टक्" दुपारी पावणेतीनला आला. मे महिना, ठाण्यातली दुपार, आणि पंखा बंद. खिडक्याही बंद. कारण वर्खाचं पान नुसत्या श्वासानंही उडतं. चितारींनी तोंडाला रुमाल बांधला, खारीच्या केसांचा चपटा ब्रश हातात घेतला आणि तो आधी स्वतःच्या गालावरून फिरवला. मला वाटलं घाम पुसतायत. तसं नव्हतं. गालाचा किंचित तेलकटपणा ब्रशाला लागतो आणि तेवढ्यानंच पान त्याला येऊन चिकटतं. बोटानं उचलायला जाल तर पान बोटावरच विरून जाईल. ब्रश पानाजवळ गेला, पान अलगद उचललं गेलं, कमानीवर नेलं आणि टेकण्याआधीच अर्ध्या बोटावरून साइजनं ते ओढून घेतलं. एकदा बसलं की बसलं. सरळ करू म्हणायची सोय नाही.

काका त्या खोलीत घामानं निथळत पाऊण तास उभे होते. एक शब्द बोलले नाहीत, बोलले असते तर पान उडालं असतं.

नवव्या दिवशी कापसानं हलकेच दाबणं, मऊ ब्रशानं सुटे कण झाडणं, फटींवर ठिगळं. संपलं.

आता हिशेब. वर्खाची पानं चितारींना साडेतीन हजारांना पडली. सोन्याच्या भावापेक्षा जास्त, कारण पान ठोकणाऱ्याची मजुरीही त्यात असते. जयपूरचे पन्नीगर पिढ्यान्पिढ्या हेच ठोकण्याचं काम करत आलेत. अस्तर, साइज, ब्रश, रंग धरून आणखी दीड हजार. उरले बारा हजार, भागिले नऊ दिवस. रोजचे तेराशे तेहेतीस. फ्लॅट रंगवायला येणारा चांगला रंगारी ठाण्यात जो रोज घेतो, त्यापेक्षा हे फार वर नाही. भागाकार केल्यावर काका गप्प झाले. मग म्हणाले, "म्हणजे जायला-यायला रिक्षाही त्याच्याच खिशातून?"

"तरी स्प्रे मारला असता तर पाचशेत झालं असतं"

झालंच होतं! पहिले दोन दिवस जो जुना रंग खरवडला गेला तो तोच. चार वर्षांपूर्वी एका दुकानात देव्हारा पॉलिशला दिला होता, त्यांनी वर "फ्री"मध्ये सोनेरी स्प्रे मारून दिला. पहिल्या दिवाळीला झकास दिसला. दुसऱ्या पावसाळ्यानंतर कमान हिरवट-तपकिरी, तिसऱ्या पावसाळ्यानंतर गंजलेल्या नळासारखी.

कारण साधं आहे. शुद्ध सोन्याची हवेशी दोस्ती नाही. प्राणवायू, ओलावा, कशाशीच ते सहजासहजी जुळवून घेत नाही, म्हणून काळं पडत नाही. पितळेतलं तांबं मात्र हवेला लगेच भुलतं. त्यावर वॉर्निशचं कवच असेपर्यंत ठीक, कवचाला चीर पडली की काळवंडणं सुरू. खाडीकाठच्या ऐरोली-वाशीत किंवा आमच्या ठाण्यात, जिथे जुलैमध्ये कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते, तिथे तर ते फार लवकर होतं.

तेव्हा प्रश्न किती दिवस टिकायला हवं हा आहे. गणपतीच्या मखराला दहा दिवस हवंत, तिथे खरा वर्ख लावणं हा वेडेपणा. थर्माकोलवर बंदी आल्यापासून पुठ्ठ्याची, कापडाची मखरं आलीत, त्यांना सोनेरी रंग उत्तम. तीन पिढ्या टिकवायच्या वस्तूला मात्र स्प्रे महाग पडतो, कारण पुढच्या कारागिराचे दोन दिवस तो काढण्यात जातात आणि त्याचेही पैसे आपणच देतो.

खरं सोनं वापरलं, हे कशावरून?

शंका रास्त आहे आणि ती विचारल्यानं चांगला कारागीर रागावत नाही. काम सुरू होण्याआधी एक पान मागून घ्या आणि दोन बोटांत चोळा. खरं पान बोटांवर नुसती सोनेरी छटा ठेवून नाहीसं होतं. पितळेचं पान चुरगळतं आणि त्याचे तुकडे हाताला लागतात. मोठ्या सपाट जागेवर पानांचे जोड पुसट चौकटींसारखे दिसतात. ते ८ सेंटीमीटरवर आहेत की १४ वर, तेही बघा. आणि वर्खाची पुस्तिका, साधारण पंचवीस पानांची असते, ती तुमच्यासमोर उघडायला सांगा.

काकांची आणखी एक शंका होती : उद्या गरज पडली तर हे सोनं खरवडून विकता येईल का? नाही येणार. सव्वादोनशे मिलिग्रॅम सोनं अस्तर-साइजमधून वेगळं काढायलाच त्याच्या किमतीपेक्षा जास्त खर्च येईल. वर्खकाम ही गुंतवणूक नव्हे. भिंतीला रंग देताना आपण तो परत विकायचा विचार करतो का?

हे आपल्याकडचं काम आहे का?

"हे सगळं तिकडे दक्षिणेत चालतं," असं मला दोघा-तिघांनी सांगितलं. त्यांच्या डोळ्यांसमोर तंजावर चित्रं असतात : फणसाच्या लाकडाची फळी, त्यावर कापड, खडूची पूड आणि चिंचोक्याची खळ यांनी उठाव दिलेले दागिने, वर सोन्याचा पत्रा, मध्ये खडे. पण तंजावरवर १६७० च्या दशकात व्यंकोजीराजे भोसले गेले आणि १८५५ पर्यंत तिथे मराठ्यांची गादी होती. त्या चित्रशैलीला आज आपण ओळखतो तो थाट या मराठी दरबाराच्या आश्रयानं आला. दुसरे सरफोजीराजे, कारकीर्द १७९८ ते १८३२, हे तर कलेचे मोठे आश्रयदाते. ठाणे-डोंबिवलीत दुपारच्या क्लासला जाऊन तंजावर चित्रं शिकणाऱ्या बायका एका अर्थानं माहेरचंच काहीतरी शिकतायत.

आणि घराजवळ सावंतवाडी आहेच. तिथली लाखेच्या रंगातली गंजिफा, म्हणजे हातानं रंगवलेले गोल पत्ते, रंगवलेले पाट आणि पाळणे, आणि ते करणाऱ्यांची चितारआळी. हा धंदा बुडत चालला होता तेव्हा शिवरामराजे भोंसले आणि सत्त्वशीलादेवींनी राजवाड्यातच कारागिरांना बसवून तो पुन्हा उभा केला. आमचे चितारी त्याच गावचे. पण त्यांच्या दोन्ही मुलांनी हा धंदा घेतलेला नाही.

"गणपतीत मात्र हेच लोक वाटेल तो भाव लावतात"

लावतात, खरंय. त्यामागचं गणित असं की जून ते ऑगस्ट मूर्तीचं रंगकाम, डोळ्यांची आखणी, दागिन्यांचं सोनेरी काम यांचा पूर येतो, दिवाळीपर्यंत थोडं काही चालतं आणि मग शुकशुकाट. पूर्वी मधले महिने दुकानांच्या पाट्या भरून काढत. फ्लेक्स आला आणि पाट्या रंगवणारे पेंटर गेले. तीन महिन्यांत बारा महिन्यांचं कमवायचं तर भाव चढणारच. ज्याला घासाघीस करायची आहे त्यानं फेब्रुवारीत काम काढावं. स्वस्तही पडतं आणि कारागिराच्या घरी चूलही पेटते.

सरकारी मदत आहे, पण ती नीट समजून घ्यावी लागते. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसाय आहेत. सोनार आहे, कुंभार आहे, मूर्तिकार आहे. नक्षी रंगवणारा, वर्ख लावणारा असा रकानाच नाही. मूर्तीही घडवणारा त्यात बसतो, नुसती रंगवणारा अडतो. अशांना केंद्राच्या हस्तकला विभागाचं "पहचान" हे कारागीर ओळखपत्र काढता येतं आणि त्यावर मेळे-प्रदर्शनांचे दरवाजे उघडू शकतात. घेणाऱ्यासाठीही एक बदल झालाय : पूर्णपणे हातानं काढलेल्या चित्रांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला.

कारागीर शोधायचे तर सीबीडी बेलापूरच्या अर्बन हाटला चक्कर मारा. तिथे वस्तूपेक्षा माणसाशी बोला, "हे तुम्हीच केलंत का?" एवढं विचारा. जो स्वतः करतो तो दहा मिनिटं सोडत नाही. वारलीबाबत तर हे विचारायलाच हवं. डहाणूच्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी ही चित्रं भिंतीवरून कागदावर आणि जगभर नेली, त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा डहाणू आपल्याच ठाणे जिल्ह्यात होतं. आज त्याच आकृत्या छापलेला वॉलपेपर वारली म्हणून खपतो आणि वारली पाड्यावर त्यातला रुपयाही जात नाही.

काम द्यायचं ठरलंच तर

आधी हातभर लाकडाच्या पट्टीवर नमुना करून मागा, खऱ्या वर्खाचा आणि नकलीचा शेजारी शेजारी, आणि त्याचे पैसे द्या. साहित्यापुरती रक्कम आगाऊ द्या. ग्रॅमवर घासाघीस करू नका. क्षेत्र कमी करा. मी आधी मागची चौकटही सोनेरी करणार होते, चितारींनीच अडवलं : "ताई, तिथे कुणाची नजर जाते? साधं पॉलिश द्या." तिथे माझे चार हजार वाचले.

आणि नंतरची निगा. दसऱ्याच्या साफसफाईत पितांबरी समईला लावा, देव्हाऱ्याच्या वर्खाला नको. ओलं फडकंही नको. मऊ कोरड्या ब्रशानं धूळ झाडायची, बस. उदबत्ती कमानीच्या अगदी खाली लावू नये, हे सासूबाईंना सांगायचं काम अजून बाकी आहे.

शेवटच्या दिवशी मी चितारींना देव्हाऱ्याच्या पाठीमागे सही करायला सांगितली. ते लाजले, म्हणाले असं कुणी मागत नाही. मग खिशातली पेन्सिल काढून त्यांनी बारीक अक्षरात लिहिलं : खडूचं अस्तर, तेलाचा साइज, सोनं पंधरा पानं, मे २०२५, आणि खाली नाव. पुढे कधी कुणी हे काम दुरुस्त करायला घेईल, त्याला खाली काय आहे ते खरवडून बघावं लागू नये म्हणून.